तिसऱ्या खणातली कुंभारीण

पोळ्याच्या दोन दिवस आधी कुरिअरवाल्या पोराचा फोन आला, भाऊ तुमचं पार्सल आहे पण गावात येत नाही, चिखल लय हाय, फाट्यावर या. गाडी काढली, दोनदा घसरता घसरता वाचलो नि फाट्यावर पोचलो. एवढासा खोका, वर बंगळूरचा पत्ता, आत फुग्याफुग्याच्या प्लास्टिकमध्ये लहान लेकरासारखं गुंडाळलेलं मॉड्यूल, गिटारच्या प्रीअँपच्या खणात सरकवायचा सुटा भाग. नाव टॉप बूस्ट. दोन वर्षं शोधत होतो मी हे. कुणाकडं असलं तर तो विकायला तयार नाही, विकायला तयार असला तर भाव असा सांगणार की तेवढ्यात इकडं सोयाबीनचं बियाणं येतं. शेवटी एकजण सगळं गिटारचं सामान मोडीत काढत होता, त्याच्याकडून मिळालं. घरी आलो, पायाचा चिखलसुद्धा धुतला नाही, टेबलावरचं प्रीअँप, म्हणजे अँपचा गिटारचा आवाज घडवणारा पुढचा भाग, ते पुढं ओढलं, तिसऱ्या खणाच्या तोंडाशी मोबाईलची टॉर्च धरली नि हात तिथंच थांबला. आत मातीचं घर होतं. बोटाच्या पेराएवढ्या तीन कोठड्या, एकमेकींना चिकटलेल्या, आमच्याच काळ्या मातीच्या, आणि बांधल्या कुठं तर नेमक्या मागच्या कनेक्टरवर, जिथं मॉड्यूलच्या पिना बसतात तिथंच. दोन लिंपून बंद झालेल्या, तिसरीचं तोंड अजून ओलं.

मी बघत असतानाच ती आली, कुंभारीण माशी. सुईएवढी कंबर, पिवळे पाय, तोंडात चिखलाचा गोळा. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. सरळ आत गेली आणि लिंपायला लागली, नि लिंपताना ती आवाज करते हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. झींऽऽ असा बारीक, अंगावर येणारा, पत्र्याच्या खोक्यात घुमून मोठा झालेला. सवयीनं गिटार घेऊन लावून पाहिला तो सूर, पहिल्या तारेवर चौथ्या नि पाचव्या पट्टीच्या मधे कुठंतरी होता, म्हणजे आपल्या कामाचा नाही. स्क्रूड्रायव्हर आणायला उठलो तर बाबा दारात उभे. पोळ्यासाठी आणलेल्या पळसाच्या डहाळ्या ठेवायला आले होते. म्हणाले, काय हून राह्यलं? मी दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, नि म्हणाले, "मोडू नोको तिले. तुया डब्बा रिकामा होता म्हनून आली ते. भरेल असता तं आली असती काय?"

टॉप बूस्ट खोक्यात परत गेलं.

आता हे प्रीअँप माझ्याकडं आलं कसं ते सांगतो, कारण आमच्या दारव्हा तालुक्यात असली वस्तू सापडायचं काही कारण नाही. मामेभाऊ दहा वर्षं अमेरिकेत होता, परत येताना सामानात हे घेऊन आला आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांनी वाजवू दिलं नाही म्हणून मला दिलं. रँडॉल कंपनीचं आरएम४. रॅकमध्ये बसणारा पत्र्याचा लांबट डबा, समोर चार खण. एकेका खणात एकेक मॉड्यूल सरकवायचं, प्रत्येकाला स्वतःची बटणं, स्वतःच्या दोन ट्यूब, जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या, म्हणजे एका डब्यात चार वेगवेगळ्या अँपचं पुढचं अर्धं अंग. भावाकडं दोनच मॉड्यूल होती, ब्लॅकफेस आणि ट्रेडप्लेट, बाकीचे दोन खण उघडे. शिवाय गडी अमेरिकन, १२० व्होल्टचा. आमच्या इथं मोटारपंपाची वाइंडिंग करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडं गेलो नि म्हटलं २४० चं १२० करून द्या. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, किती एचपीची मोटर हाय? मी म्हटलं मोटर नाही काका, गिटारचं मशीन आहे. त्यावर त्यांनी असं पाहिलं जसं काही मी शेतात हत्ती जुंपतो म्हटलं. पण ट्रान्सफॉर्मर असा गुंडाळून दिला की सहा वर्षं झाली, अजून वॉर्निशचा वास येतो त्याला, गरम होतो, घूं करतो, बंद मात्र एकदाही पडला नाही. पुढं पॉवरसाठी जुना आहुजा कंपनीचा अँप्लिफायर, सप्त्यात नि लग्नात पार पिळून निघालेला, आणि सुताराकडून करून घेतलेल्या सागवानी पेटीत बारा इंची स्पीकर. हे असलं कडबोळं बघून मामेभावानं व्हिडिओ कॉलवर डोक्याला हात लावला होता.

पण वाजतं मात्र. ब्लॅकफेस लावलं की आवाज चिंचेनं घासलेल्या पितळेच्या गडव्यासारखा, स्वच्छ, कडेला थोडी झणझण. ट्रेडप्लेट म्हणजे ढेकळात रोटाव्हेटर घातला. मॉड्यूल बदलायचं तर आधी सगळं बंद, कारण आत काहीशे व्होल्ट फिरत असतात, मग थोडं थांबायचं, ट्यूब निवू द्यायच्या, मॉड्यूल ओढून काढायचं, दुसरं सरकवायचं, मागं पिना बसल्या की अंगठ्याला एक ठाम टच् लागतो. तो टच् मला आवडतो. लहानपणी तिफणीचं चाडं त्याच्या जागेवर बसवताना हाताला असंच लागायचं. मग ट्यूब तापेपर्यंत वाट बघायची, नारंगी ठिपका हळूहळू उजळतो, आणि संध्याकाळी सगळ्या गावाचा लोड असला की तो उजळतच नाही नीट, मरगळलेला राहतो, आवाजही तसाच येतो, झोपेतून उठवलेल्या माणसासारखा. रात्री अकरानंतर व्होल्टेज चढलं की तेच मॉड्यूल, तीच गिटार, तीच बोटं आणि आवाज मात्र ताठ. पुण्यामुंबईच्या लोकांना अँपचा स्वभाव मॉड्यूलवरून कळतो, आम्हाला विजेच्या फीडरवरून.

बाबांना ही सगळी भानगड सुरुवातीपासून माहीत आहे, पण त्या दिवशी कुंभारीण बघितल्यावर त्यांना एक प्रश्न पडला. "मंग हा जो नवा डब्बी आनला तू, हा दोन वर्सं काहून नाही भेटला? कंपनी बनवत नाही काय?" म्हटलं नाही बनवत. "मंग दुसऱ्या कंपनीचा बसवायचा." म्हटलं बसत नाही बाबा, त्याच्या पिना त्याच्याच. यावर ते काही बोलले नाहीत, नुसतं हं केलं, पण ते हं माझ्या डोक्यात राहिलं. कारण बाबांच्या सगळ्या आयुष्यात न बसणारी वस्तू नव्हती. वखराची पास झिजली की लोहाराकडं जायचं, तो नवी ठोकून द्यायचा, कुठल्या गावच्या लोहाराची आहे हे वखराला कळायचं नाही. डवऱ्याला अरुंद पास, वखराला रुंद, जू तेच, बैल तेच, दोर तेच. उन्हाळ्यात वखर, पेरणीला तिफण, कपाशी वीतभर झाली की डवरा. हेच तर मॉड्यूल, दुसरं काय. आणि बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी तेच राहिलं. मागं तीन सांध्यांची जोडणी असते ना, जिला कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र सगळं लागतं, ती मुळात हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसानं शंभरेक वर्षांपूर्वी काढली, पेटंट त्याचंच होतं, पण पुढं ती सगळ्यांची झाली, मापं ठरली, आता तर आयएसओचं प्रमाण आहे तिला. म्हणून लाल ट्रॅक्टरला निळ्या कंपनीचा नांगर लागतो नि गावातल्या वेल्डिंगवाल्यानं केलेली पंजीही लागते. ट्रॅक्टरची कंपनी बुडाली तर नांगराला सुतक येत नाही.

इथं मात्र आलं.

हे मॉड्यूलचं डोकं मूळ मिशिगनच्या ब्रूस एग्नेटरचं. प्रीअँपच बदलता यावं ही कल्पना त्याच्याही आधी लोकांना सुचली होती, १९८० च्या दशकात सीमोर डंकननं कन्व्हर्टिबल नावाचा अँप काढला होता, त्यातही छोटी छोटी मॉड्यूल खोचायची. तो चालला नाही फारसा. एग्नेटरची रचना २००० नंतरच्या दशकात रँडॉलनं घेतली, एमटीएस नाव दिलं, आणि मग धडाक्यात मॉड्यूल काढली, प्लेक्सी, ट्वीड, ब्राउन, टॉप बूस्ट, मेटॅलिका बँडच्या कर्क हॅमेटच्या नावाची वेगळी. ज्या त्या नामांकित अँपची नावं न घेता खूण तेवढी करायची, जाणत्यानं ओळखायचं. लोकांनी घेतली, हौसेनं घेतली, एकेकाकडं दहा-बारा जमली. नि मग काही वर्षांनी हळूहळू बंद. कुणी जाहीर रडलं नाही. सॅल्व्हेशन, जेडेड फेथ अशी नावं घेऊन एकटीदुकटी माणसं घरच्या टेबलावर जुन्या मॉड्यूलची पोटं बदलून द्यायची, त्यांनीच ते दिवस काढले. मग २०१६-१७ च्या सुमाराला सिनर्जी आलं, त्यातही एग्नेटर आहेच, आणि यावेळी खुणा नाहीत, खरीच नावं, फ्रीडमन, सोल्डानो, डीझेल, बॉग्नर, एंगल, ज्याचा अँप त्याच्याच नावाचं मॉड्यूल. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्यांनी पिना त्याच ठेवल्या. माझं हे जुनं टॉप बूस्ट त्यांच्या नव्या डब्यात चालतं. बातमी वाचली तेव्हा मी एकटाच खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या, खरं सांगतो. पण नव्या मॉड्यूलची किंमत काहीशे डॉलर, वर कस्टम, वर पाठवायचा खर्च. माझ्याकडून तरी त्यांचं घर चालणार नाही.

आणि गंमत ही की आतली ट्यूब कधीच अनाथ झाली नाही. १२एएक्स७ ही १९४० च्या दशकातली चीज. ज्या रेडिओंसाठी नि मशिनींसाठी ती बनली ती भंगारातून गेली, भंगारवालेही गेले, पण ट्यूब अजून बनते, रशियात साराटोव्हला, स्लोव्हाकियात, चीनमध्ये. २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा रशियाचा माल अडला, भाव चढले, मी घाबरून चार मागवून धान्याच्या कोठीत लपवल्यासारख्या ठेवल्या होत्या, पण मिळायची थांबली नाही. कारण नऊ पायांचं ते बूड कुणा एकाचं नाही. रशियाची काढा, स्लोव्हाकियाची घाला. ऐंशी वर्षांची म्हातारी ठणठणीत नि तिच्यासाठी बांधलेलं वीस वर्षांचं घर पडीक. माझं दुकान ऑनलाइन फॉर्म भरायचं आहे, तिथं फळीवर तीन प्रिंटर पडलेत, तिन्ही चांगले, कार्ट्रिज येत नाही म्हणून मेलेले. रोज बघतो पण त्यांच्याबद्दल असं कधी वाटलं नाही. गिटारच्या डब्याबद्दल वाटतं, म्हणजे हा विचारही काही फार न्यायाचा नाही.

आमच्याकडं गेजचं, म्हणजे रुळांच्या मापाचं, दुःख तसं जुनंच आहे म्हणा. शकुंतला नावाची आगगाडी आमच्याच दारव्ह्यावरून जायची, मूर्तिजापूर ते यवतमाळ, अडीच फुटी रूळ, कापूस न्यायला इंग्रजांच्या कंपनीनं टाकलेली. १९९४ पर्यंत वाफेवर चालली, मग डिझेल. आजी म्हणायची चालत्या गाडीतून उतरून माणूस बोरं तोडायचा नि परत चढायचा, ही गोष्ट प्रत्येक गावात प्रत्येक आजी सांगते, तरी मी खरी धरतो. आता कित्येक वर्षं झाली बंद आहे. गाडी वाईट होती म्हणून नाही, डबे धावायचे. पण त्या मापाचे डबे आता फारसे कुठं लागत नाहीत नि मोठ्या रुळावरचे इथं लागत नाहीत, मग एक चाक गेलं तरी कोण बनवणार. आता वर्ध्याहून नांदेडला ब्रॉडगेज येतेय, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस करत, काम चालू आहे, भराव पडलेत. सगळ्या देशात चालणारं माप. मला आनंद आहे, खोटं कशाला बोलू, लेकरांना नागपूरला जायला सोपं होईल. तरी जुन्या रुळावर आता गवत वाढलंय, त्यात बकऱ्या चरतात, तिथून जाताना मी गाडी हळू करतो.

तर कुंभारीण होती म्हणून मी प्रीअँप चालू करायचंच टाळलं. तशी पहिल्या दोन खणांतली मॉड्यूल वाजली असती, पण त्या ट्यूब तापतात, नि शेजारी ओली माती, आत अळ्या, भाजून निघायच्या. बाबा काही बोलले नसते, पण त्यांनी पाहिलं असतं. नेमका गणपतीतला कार्यक्रम आला, आठव्या दिवशी, मंडळाचा ऑर्केस्ट्रा, मी दरवर्षी वाजवतो. पुतण्या म्हणाला, काका टेन्शन काहून घेता, माझ्या मोबाईलमध्ये ॲप आहे. त्याचं ॲप म्हणजे त्यात शंभर अँप, दोनशे पेटीस्पीकर, टॉप बूस्टसुद्धा, मी दोन वर्षं शोधलं ते त्यानं अंगठ्यानं दोन सेकंदात काढून दाखवलं. केम्पर, फ्रॅक्टल, क्वाड कॉर्टेक्स असल्या डिजिटल मशीन मोठमोठे कलावंत स्टेजवर नेतात हे मला माहीत होतं, पण पुतण्याच्या चीर गेलेल्या मोबाईलमधून निघालेला आवाज आहुजातून ऐकला नि पोटात खड्डा पडला. चांगला होता. वाईट असता तर बरं झालं असतं. कार्यक्रम झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचानं शंभराची नोट बक्षीस दिली, कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मला? मला दोन गाणी वेगळं वाटलं, तिसऱ्या गाण्यापासून मी विसरून गेलो. ही गोष्ट मी आतापर्यंत कुणाला सांगितली नव्हती.

रात्री मंडपाच्या मागं पुतण्या वायरी गुंडाळत होता, म्हटलं तुझं ॲप बंद पडलं तर? म्हणे दुसरं टाकीन. मी म्हटलं मोबाईल जुना झाला, त्यात नवीन ॲप चालेना तर? म्हणे मोबाईल नवीन घेईन. प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडं उत्तर होतं नि प्रत्येक उत्तरात काहीतरी फेकून द्यायचं होतं, पण मला तरी कुठं तोंड होतं बोलायला, त्याच्या दोन वर्षांच्या वापरात जितके पैसे गेले नाहीत तितके माझ्या एका मॉड्यूलमध्ये गेले, तेही कुंभारणीनं अडवलेल्या खणासाठी. शिवाय मोकळेपणानं सांगायचं तर माझी चारही खणं भरली तरी वाजवणार मी एकच. ब्लॅकफेस. नव्वद टक्के वेळ तेच लावलेलं असतं. बदलता येतं याचंच सुख आहे, बदलायचं कमीच होतं. घरात पाटा-वरवंटा असतो तसं, मिक्सरवर वाटतो आपण पण पाटा विकायला काढला की आई रडते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी घर झाडायला काढलं तेव्हा पाहिलं. दोन कोठड्यांना गोल भोकं पडली होती, पेन्सिलीनं पाडावीत तशी नीटस. पोरी उडून गेल्या होत्या. तिसरी, ओल्या तोंडाची, तिच्या तोंडावर लिंपण होतं पण भोक नव्हतं. चार दिवस अजून थांबलो. मग बाबाच म्हणाले, काढ आता, ते खाली गेली. टूथब्रश, बारीक स्क्रूड्रायव्हर, आणि बाबांनी दिलेली बाभळीची काडी, कारण लोखंडानं पिना वाकतील हे त्यांनाही कळलं होतं. माती कोरडी होती, ढलपे निघाले. न फुटलेल्या कोठडीतून पाच-सहा कोळी पडले, वाळून चिमटीएवढे झालेले, पाय पोटाशी घेतलेले, तिनं लेकरासाठी भरून ठेवलेला शिधा. खाणारं झालंच नाही. बाबांनी ते सगळं हातावर घेतलं, मातीसकट, नि बाहेर नेलं. कुठं टाकलं ते विचारलं नाही मी. कनेक्टरवर एक मातकट डाग राहिला, स्पिरिटनं पुसला तरी गेला नाही.

मग टॉप बूस्ट काढलं. सरकवलं. टच् झालं, जरा घोगरं झालं पण झालं. ट्यूब तापल्या, दोन नारंगी ठिपके, व्होल्टेज बरं होतं त्या रात्री. पहिला कॉर्ड मारला तर नुसतं खर्र खर्र, कुठंतरी कण अडकलेला. मॉड्यूल दोनदा आतबाहेर केलं नि मग आला तो आवाज, भाजलेल्या तुरीच्या शेंगा फुटल्यासारखा कुरकुरीत, वरच्या अंगाला थोडा कडवट. पुतण्या दाराशी उभा राहून ऐकत होता, कानात त्याचे इअरफोन लोंबत होते. म्हणाला, ॲपमध्ये असंच आहे ना काका? म्हटलं हो, असंच आहे.

सकाळी चहा घेता घेता टेबलावर हात फिरवला तर बोटाला ओलं लागलं. चौथ्या खणाच्या कडेला, आतल्या बाजूनं, मसुराएवढा चिखलाचा ठिपका होता, काळा, ताजा.